बेसमेंटमधून : आजीच्या ओव्या आणि अर्जनवीस



गेल्या अंकात आम्ही आमच्या बेसमेंटमधल्या संप पंपाची कर्मकहाणी सांगितली होती. ‘पुढे काय झालं?’ असं बऱ्याच जणांनी विचारलं. पुढे असं झालं, की पंपाच्या मागे ठेवलेला एक खोका भिजण्याच्या बेतात सापडला. उघडून बघतो तो आत कॅसेटी. मोजून एकेचाळीस!

आमच्या पिढीतल्या वाचकांना या कॅसेटींबद्दल सांगायला नको. १९८०च्या दशकात भारतात फोन लावायचा म्हणजे आधी ऑपरेटर, मग खरखर आणि मग ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ यातच पैसे संपायचे. त्यापेक्षा घरची मंडळी कॅसेटवर बोलून ठेवायची आणि कोणी अमेरिकेला निघालं, की त्याच्या बॅगेत चकलीच्या डब्याशेजारी ती कॅसेट कोंबायची. आमच्या या कॅसेटींवर एका बाजूला आई-वडिलांचं ख्यालीखुशालीचं बोलणं आहे आणि दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा आजीच्या जात्यावरच्या ओव्या. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी, माजघरात, टेपरेकॉर्डर पाटावर ठेवून रेकॉर्ड केलेल्या. मागे कोंबडाही आरवतो.

आई आता आमच्याकडे ॲन आर्बरलाच असते. वय सत्त्याऐंशी. दिसतं कमी, ऐकू चांगलं येतं. खोका वर आणला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “अरे, सासूबाईंच्या ओव्या लाव की.” लावल्या. आमच्या जुन्या प्लेअरने पहिल्याच कॅसेटची फीत गिळली. ती पेन्सिलने गुंडाळता गुंडाळता आम्ही ठरवलं, की आता हे सगळं कंप्युटरवर चढवायचं.

कॅसेट चढवायला घाई चालत नाही. सी-सिक्स्टीची एक बाजू अर्ध्या तासाची, म्हणजे ती चढवायलाही अर्धा तास. ब्याऐंशी बाजू, एकेचाळीस तास. मिशिगनच्या हिवाळ्यात तेवढा वेळ असतोच म्हणा. मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला तोवर काम झालं होतं.

आता प्रश्न आला आईला ऐकवायचं कसं. त्यासाठी आम्ही एका जुन्या कंप्युटरवर ‘नॅव्हिड्रोम’ नावाचा ऑडिओ सर्व्हर बसवला. हा फुकट मिळतो. देलुआन किन्ताँव नावाच्या गृहस्थांनी तो ‘गो’ भाषेत लिहायला घेतला आणि आता जगभरचे लोक त्याला हातभार लावतात. सर्व्हर म्हणजे काय, तर आपली गाण्यांची कोठी आणि तिच्या दाराशी बसलेला कारभारी. फोनवरून, टॅब्लेटवरून त्याच्याकडे मागायचं आणि त्याने काढून द्यायचं.

यासाठी तयार ॲप भरपूर आहेत. पण आईला त्यातलं एकही चालेना. बारीक अक्षरं, इंग्रजी शब्द, आणि बोट जरा घसरलं की भलतंच पान. तिला हवं होतं एकच मोठं बटण. दाबलं की ओव्या सुरू, पुन्हा दाबलं की बंद, आणि डोळा लागला तर दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. म्हटलं, असं ॲप आपणच लिहू. आयुष्यभर प्रोग्रॅम लिहून पोट भरलं, आईसाठी एक बटण लिहिता येऊ नये?

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. कंटाळा आला तर आमच्या सौ.प्रमाणे दोन परिच्छेद गाळून पुढे जा.

सर्व्हरकडे काही मागायचं, तर ठरलेल्या नमुन्यातच अर्ज करावा लागतो. या नमुन्यांना एपीआय म्हणतात. नॅव्हिड्रोमने यासाठी ‘सबसॉनिक’ या जुन्या सर्व्हरचे नमुने उचलले आहेत. नॉर्वेच्या सिंद्रे मेहुस यांनी ते आधी ठरवले आणि पुढे बऱ्याच सर्व्हरांनी तेच मान्य केले. ‘गेट-साँग’ म्हणजे या गाण्याची माहिती द्या, ‘स्ट्रीम’ म्हणजे ते वाजवा, ‘सर्च-थ्री’ म्हणजे शोधा, ‘क्रिएट-बुकमार्क’ म्हणजे इथे खूण घाला. प्रत्येक अर्जासोबत तुमचं नाव, नमुन्याची आवृत्ती, तुमच्या प्रोग्रॅमचं नाव आणि पासवर्डचा पुरावा लागतो. पुरावा अशासाठी, की पासवर्ड उघडा पाठवायचा नाही. त्याला निदान सहा वेडीवाकडी अक्षरं जोडायची, ते सगळं एमडी५ नावाच्या गिरणीतून दळायचं आणि फक्त पीठ पाठवायचं.

तालुक्याच्या कचेरीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. आत खिडकी, खिडकीत कारकून. नमुना चुकला तर अर्ज परत, आणि का परत ते सांगेलच असं नाही. म्हणून कचेरीबाहेर झाडाखाली अर्जनवीस बसलेला असायचा. त्याला सगळे नमुने पाठ. प्रोग्रॅमच्या जगात या अर्जनवीसाला क्लायंट लायब्ररी म्हणतात. आणि अर्जनवीसांतही दोन जाती. एक जण तुम्ही सांगाल ते मुकाट्याने लिहून देतो. दुसरा चष्म्यावरून बघून म्हणतो, “पाव्हणं, जन्मतारखेच्या रकान्यात बापाचं नाव कसं लिहू?” या दुसऱ्याला टाईप-सेफ म्हणायचं. चूक खिडकीपर्यंत जाऊच देत नाही.

आम्ही अर्थातच कोणताच अर्जनवीस केला नाही. सगळे अर्ज स्वहस्ते, साध्या जावास्क्रिप्टमध्ये. एका संध्याकाळी बटण तयार झालं, एका बाजूवर करून बघितलं, ओव्या वाजल्या. आम्ही खूश. आईचा वाढदिवस जवळ आला होता. सौ.नी वीसेक जणांना जेवायला बोलावलं. आदल्या रात्री आमच्या मनात आलं, की ब्याऐंशीच्या ब्याऐंशी बाजू ओळीने लावाव्यात. म्हणून सगळ्यांचे आयडी एका तक्त्यात घातले.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी झाली, औक्षण झालं, सगळे आईभोवती बसले आणि आईने बटण दाबलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, ‘चालू आहे’. आवाज शून्य. पुन्हा दाबलं. ‘चालू आहे’. वीस माणसं कान टवकारून बसलेली आणि खोलीत फक्त डिशवॉशरची घरघर. खाली आम्ही कौतुकाने एक ओळ घातली होती, की ही बाजू किती वर्षांपूर्वीची आहे. तिथे इंग्रजीत तीनच अक्षरं दिसत होती. एका मित्राने ती मोठ्याने वाचली, “नान वर्षांपूर्वी? जेवणात तर पुरणपोळी होती!” सगळे हसले. आई हसली नाही. ती म्हणाली, “आवाज बसला का रे त्यांचा?”

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

सकाळी कन्या बेसमेंटमध्ये आली. ती नॉर्थ कॅंपसवर शिकते. मराठी बोलते, पण प्रोग्रॅमबद्दल बोलताना तिची मराठी निम्मी उरते. आमचा कोड बघून म्हणाली, “बाबा, तू आयडीचा नंबर का केलास?”

का केला म्हणजे? आम्ही फोरट्रानच्या काळातली माणसं. आयडी म्हटलं की आकडाच असणार. पण नॅव्हिड्रोमचा आयडी आकडा नसतो, ती अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ असते. सबसॉनिकच्या नमुन्यातही आयडी म्हणजे अक्षरमाळ असंच लिहिलेलं आहे. तरी आमच्यासारखे बरेच शहाणे तिचा आकडा करतात, इतके, की नॅव्हिड्रोमवाल्यांनी आपल्या माहितीपत्रात त्याबद्दल मुद्दाम बजावून ठेवलं आहे. आम्ही ते वाचलं नव्हतं. ‘७एफ३ए...’ अशा माळेचा आकडा करा असं जावास्क्रिप्टला सांगितलं, की ती पहिला सात घेते, बाकीचं फेकून देते आणि तक्रार करत नाही. मग आम्ही सर्व्हरकडे सात नंबरचं गाणं मागितलं. ते कुठून असणार?

“पण मग सर्व्हरने नाही का म्हटलं नाही?” आम्ही विचारलं. म्हटलं होतं. मात्र सबसॉनिकची रीत अशी, की नकारसुद्धा २०० या ‘सगळं ठीक’ अशा शेऱ्याच्या पाकिटात येतो. पाकीट उघडलं, तर आत ‘फेल्ड’ आणि सत्तर नंबरची चूक, म्हणजे मागितलेली वस्तू सापडली नाही. आम्ही पाकिटावरचा शेरा बघून ‘चालू आहे’ लिहून मोकळे झालो. आणि ‘नान’? तो ‘आकडा नव्हे’ या इंग्रजी शब्दांचा संक्षेप. कॅसेटवर वर्ष लिहिलेलंच नव्हतं आणि आम्ही या वर्षातून ‘काहीच नाही’ वजा करत होतो.

कन्येने टाईपस्क्रिप्टसाठी लिहिलेली एक फुकट, टाईप-सेफ लायब्ररी आणली. टाईपस्क्रिप्ट म्हणजे १९९५च्या जावास्क्रिप्टला मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये लावलेली शिस्त. आमचा कोड तिच्यात ओतला आणि प्रोग्रॅम चालवण्याआधीच पडद्यावर लाल रेघा उमटल्या. पहिली रेघ आयडीखाली : इथे अक्षरमाळ पाहिजे, तुम्ही आकडा देताय. दुसरी उत्तराखाली : हे ‘ओके’ असेल किंवा ‘फेल्ड’, कोणतं ते आधी बघा, मगच गाण्याला हात लावा. तिसरी वर्षाखाली : वर्ष असेलच असं नाही, नसेल तर काय करणार ते सांगा. वाढदिवसाला वीस जणांसमोर फुटलेल्या तिन्ही चुका इथे बेसमेंटमध्ये, दोन मिनिटांत, कोणी ऐकायला नसताना सापडल्या. पासवर्डचं दळणही लायब्ररीच दळते. तिथेही आमचा एक घोळ होता, पण तो राहू द्या.

आमचा चेहरा बघून कन्या म्हणाली, “इट्स ओके, बाबा. कंपायलर सगळ्यांनाच ओरडतो.” त्यावरून आम्हाला आमच्याच गावची एक गोष्ट आठवली आणि जरा बरं वाटलं. इथे मिशिगन विद्यापीठात १९५९ मध्ये ब्रूस आर्डन, बर्नार्ड गॅलर आणि रॉबर्ट ग्रॅहम यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी ‘मॅड’ नावाची भाषा केली. मिशिगन अल्गोरिदम डिकोडर. तिच्यातही पूर्णांक, अपूर्णांक, खरं-खोटं असे प्रकार सांगायची सोय होती. ‘मोड’ म्हणत त्यांना. भाषा पूर्ण होण्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये एक गंमत होती. प्रोग्रॅममध्ये चुका फार झाल्या, की छापखाना पानभर एक चित्र छापून द्यायचा : ‘मॅड’ मासिकाच्या मुखपृष्ठावरचा तो फटीच्या दाताचा, हसरा आल्फ्रेड ई. न्यूमन! खाली सल्ला, की तुमचा प्रोग्रॅम याला दाखवा. आमच्या कोडवर तो दोनदा छापला असता. पण चूक आधी सांगणारं यंत्र हे आपलं भलंच करतं, हे या गावात साठ वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. आम्हालाच उशिरा कळलं.

आता तुम्ही म्हणाल, एकदा हा अर्जनवीस केला की मिटलं. नाही मिटलं.

बटण चालू झालं. आई रोज दुपारी ऐकायला लागली. वीस मिनिटं ऐकून तिचा डोळा लागायचा. आमचा प्रोग्रॅम खूण घालायचा. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं, की पुन्हा पहिल्यापासून. चार दिवस ती काही बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “ही ओवी फारच वेळा म्हणतात नाही सासूबाई?” बघितलं तर काय, सबसॉनिक गाण्याची लांबी सेकंदांत सांगतो, पण खुणेची जागा मागतो मिलिसेकंदांत. आम्ही वीस मिनिटांचे १२०० सेकंद पाठवत होतो आणि सर्व्हर त्याचा अर्थ सव्वा सेकंद घेत होता. लाल रेघ आली नाही, कारण हाही आकडा आणि तोही आकडाच. अर्जनवीस रकान्यात आकडा आहे एवढं बघतो. तो शेरात आहे की पायलीत, हे तो विचारत नाही.

आणखी एक मेख. टाईपस्क्रिप्टचे हे सगळे साचे प्रोग्रॅम लिहितानाच असतात. चालताना ते पुसलेले असतात. सर्व्हरने उद्या नमुन्याबाहेरचं काही पाठवलं, तर लायब्ररी शपथेवर सांगेल की ते बरोबरच आहे. सबसॉनिकचे नमुने पाळणारे सर्व्हर आता बरेच, आणि प्रत्येकाचं थोडं इकडेतिकडे. त्यांच्यात एकवाक्यता यावी म्हणून २०२३ मध्ये ‘ओपनसबसॉनिक’ हा उपक्रम सुरू झाला. तरीही महत्त्वाचं उत्तर आलं, की ते चालतानाही एकदा तपासून घ्यावं. आम्ही आता घेतो.

पण खरी चूक पुढेच होती, आणि ती कोणतीही लायब्ररी पकडू शकली नसती.

मे महिन्यातली दुपार. आई खिडकीशी बसलेली, आम्ही शेजारी भाजी निवडत. बटण दाबलं. पडद्यावर नाव होतं, ‘आजी – ओव्या, बाजू ब’. कॅसेटच्या कागदावर जे होतं तेच आम्ही टाईप केलं होतं. दोन ओव्या झाल्या आणि आईने हात वर केला.

“थांबव. या सासूबाई नव्हेत.”

“आई, कागदावर आजीच लिहिलंय.”

“कागद राहू दे. ही तुझी मोठी आत्या आहे. माहेरपणाला आली होती तेव्हाची. मध्ये खोकते बघ.”

पुन्हा लावलं. खोकला होता. तो काढायचा म्हणून आम्ही आवाज साफ करायच्या प्रोग्रॅमची यादीसुद्धा केली होती. आत्या १९८६ मध्ये गेली. त्याच दुखण्याने. तिचा दुसरा कुठलाही आवाज कोणाकडे नाही, निदान आम्हाला माहीत नाही. आमच्या कोठीत तो ‘आजी’ या नावाने, अगदी नियमाप्रमाणे, बिनचूक साच्यात पडून होता. गायिकेचं नाव : अक्षरमाळ. बरोबर. लाल रेघ नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघांनी रोज दोन बाजू ऐकायला सुरुवात केली. आई सांगायची, आम्ही लिहायचो. कोण गातंय, कोण साथ देतंय, कुठल्या सणाला, कोणाच्या घरी. दीड महिना लागला. बारा बाजूंवरची नावं बदलली. नऊ बाजूंवर एक आवाज असा आहे, जो आईलाही ओळखता आला नाही. “माझ्या आधीच्या कोणीतरी असतील. तुझ्या बाबांना सांगता आलं असतं,” ती म्हणाली. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. त्या अकरा वर्षांत खोका पंपामागेच होता.

त्या नऊ बाजूंवर आम्ही काय लिहिलं? काही नाही. तो रकाना रिकामा ठेवला. ‘आजी असेल’ असं लिहायचा मोह झाला होता. पण वर्षाच्या रकान्याने आम्हाला जे शिकवलं तेच इथे लागू पडलं. माहीत नसेल तर रिकामं ठेवायची साच्यात सोय असते, आणि खोटं भरण्यापेक्षा ते बरं.

आपल्याकडे हे काम मोठ्या प्रमाणावर केलेली माणसं आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून महाराष्ट्राच्या गावोगावी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ हे ग्रामीण भारताचं संग्रहालय त्या प्रसिद्ध करत आलं आहे. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव असतं, तिचं गाव असतं. त्यामुळे ‘एक बाई गाते’ एवढ्यावर ते थांबत नाही.

तेव्हा मंडळी, तुमच्याही बेसमेंटमध्ये खोका असेल. फीत जुनी होते, चिकटते, म्हणून चढवायला लवकर घ्या. ॲप लिहिणार असाल, तर शहाण्या अर्जनवीसाला हाताशी घ्या. आयडीचा आकडा करू नका, पाकीट उघडून बघा, आणि सेकंद की मिलिसेकंद ते दोनदा विचारा. हे जमलं नाही तर मुलांना विचारा, ती ओरडतील पण करून देतील. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा आणि ‘हा आवाज कोणाचा?’ ते विचारून घ्या. लायब्ररी पुढच्या वर्षीही मिळेल.

आत्याचा मुलगा सांगलीला असतो. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. ती बाजू आम्ही त्याला पाठवली. दोन दिवस काही उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी, इथल्या भल्या पहाटे, फोन आला.

“दादा,” तो म्हणाला, “आई मध्ये खोकते ना, तेवढं काढू नकोस.”

नाही काढलं.

पुढच्या अंकात भेटूच. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.